पाच फेब्रुवारीचं चुकलेलं स्मरण

हे प्रकरण एका छोट्या संगीत मंडळाचं आहे. मंडळाचं नाव, ठिकाण आणि माणसांची ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. चूक ज्यांच्या हातून झाली त्यांच्यापैकी एक मी आहे.

पार्श्वभूमी

मंडळाच्या खोलीबाहेर एक काळा फळा होता. आमचे सर्वात ज्येष्ठ सभासद, ज्यांना सगळे काका म्हणतात, वर्गाच्या दिवशी अर्धा तास आधी येऊन त्यावर खडूने दोन ओळी लिहायचे. ‘२४ जानेवारी. पंडित भीमसेन जोशी यांचा स्मृतिदिन (२०११).’ दुसऱ्या ओळीत वर्ग सुटल्यावर काय ऐकायचं ते. ज्यांना थांबायचं असेल ते थांबत. कधी पंधरा माणसं, कधी तिघं. काही आठवडे फळा कोराच असायचा. त्याचं कुणाला काही वाटत नसे.

काकांची नजर अधू झाली तेव्हा त्यांनी आपली वही आमच्या दोघींच्या हवाली केली. वहीत नव्वदेक नावं होती. आम्ही ती संगणकावर उतरवली आणि उत्साहाच्या भरात यादी वाढवत नेली. गायक-वादकांच्या जोडीला चित्रकार आले, नट आले, परदेशी संगीतकार आले. वर्षभरात यादी तीनशेच्या पुढे गेली आणि जवळजवळ रोज कुणाचा ना कुणाचा स्मृतिदिन निघू लागला. रोज सकाळी सात वाजता मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक कार्ड जायचं. फोटो, नाव, जन्म-मृत्यूची सालं, एक ओळ माहिती आणि खाली ‘विनम्र अभिवादन’. फळा मात्र एकदा पुसला गेला तो पुन्हा लिहिलाच गेला नाही.

५ डिसेंबरला तर एकाच कार्डात तिघांना बसवलं होतं: मोझार्ट (१७९१), क्लोद मोने (१९२६) आणि अमृता शेरगिल (१९४१). अमृता लाहोरला वारली तेव्हा अवघी २८ वर्षांची होती. त्या कार्डात तिचं एक चित्र दाखवायलाही जागा उरली नव्हती. तेव्हा ते आमच्या लक्षात आलं नाही. त्या दिवशी हात जोडलेले सव्वीस इमोजी आले होते, त्याचंच समाधान वाटलं होतं.

काय घडलं

५ फेब्रुवारीचं कार्ड मी केलं होतं. मजकूर असा: ‘सतारवादक उस्ताद इनायत खाँ, इमदादखानी घराणे, उस्ताद विलायत खाँ यांचे वडील.’ फोटोत दाढीधारी, शांत चेहऱ्याचा माणूस वीणा घेऊन बसलेला.

दुपारी आमच्याकडे सतार शिकणारी एक मुलगी वर्गाला आली. ग्रुपवर तिने काहीच लिहिलं नव्हतं. माझ्याजवळ येऊन हळूच फोन पुढे धरला आणि म्हणाली, “ताई, यांच्या हातातलं वाद्य बघा ना.”

मी बघितलं. ती सतार नव्हती. सकाळी कार्ड करताना, पाठवण्याआधी तपासताना आणि नंतर ग्रुपवर, म्हणजे किमान तीन वेळा तो फोटो माझ्या डोळ्यांखालून गेला होता. तरी वाद्याकडे लक्ष गेलं नव्हतं. संगीत मंडळाच्या कार्डात ही चूक होणं मला फार लागलं, अजूनही लागतं.

५ फेब्रुवारी १९२७ ला दिल्लीत वारले ते हजरत इनायत खाँ. बडोद्यात जन्मलेले, तिथली संगीतशाळा उभी करणाऱ्या मौलाबक्षांचे नातू, वीणावादक आणि पुढे पाश्चात्त्य देशांत सूफी विचार नेणारे. विलायत खाँसाहेबांचे वडील इनायत खाँ हे वेगळे. ते १९३८ साली गेले, तेव्हा विलायत खाँ दहा वर्षांचे होते. नाव एक, काळ जवळपास एक, दोघेही वादक. आम्ही एकाची तारीख, त्याचाच फोटो आणि दुसऱ्याचं चरित्र एकत्र केलं होतं.

यानंतर जे केलं ती खरी पहिली चूक, असं आता वाटतं. आम्ही कार्ड गुपचूप काढून टाकलं. दुरुस्ती दिली नाही, कारण कुणी विचारलं नव्हतं. पण तोवर ते चार-पाच ग्रुपांवर पुढे गेलं होतं, आणि तिथून परत आणणं आमच्या हातात नव्हतं.

मूळ कारण

मार्चमध्ये आम्ही पूर्ण यादी तपासायला घेतली आणि काकांची वही पुन्हा उघडली. वहीत तीन रकाने होते. पहिल्यात नाव, दुसऱ्यात तारीख. तिसरा रकाना बारीक अक्षरात: ही तारीख कुठे वाचली किंवा कुणाकडून कळली, आणि त्या दिवशी कुठली रेकॉर्ड लावली. एका नावापुढे ‘शिष्यांना विचारून’ असं होतं. दुसऱ्या एका ठिकाणी तारीख खोडून नवी लिहिली होती आणि बाजूला ‘आधीची चूक माझी’ अशी नोंद होती.

संगणकावर उतरवताना आम्ही पहिले दोनच रकाने घेतले होते. तिसरा आम्हाला काकांचा खाजगी टिपणवजा मजकूर वाटला होता. त्या वहीतला सर्वात मोलाचा भाग नेमका तोच होता. आमच्या वाढीव दोनशे नावांपैकी एकाही नावापुढे ती तारीख आली कुठून याची नोंद नव्हती.

काकांना हे सांगायला गेलो. ते रागावले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, “गेल्या महिन्यात कुणाकुणाला अभिवादन केलंत?” आम्ही दोघी रोज कार्ड करणाऱ्या, आणि आम्हाला सात नावं आठवली. बाकीची तेवीस आठवली नाहीत. मग त्यांनी विचारलं, “त्या सातांतलं काय ऐकलंत?” त्याला उत्तर नव्हतं.

समोर असलेले पर्याय

मंडळाच्या बैठकीत यावर दोन संध्याकाळी बोलणं झालं. बहुतेकांचं म्हणणं साधं होतं: चुका दुरुस्त करा आणि कार्डं चालू ठेवा. एका सभासदांनी कळकळीने सांगितलं की घरात आजारी माणूस असताना सकाळचं ते एक कार्ड त्यांना आधार वाटायचं, रोज एक नाव कळायचं. हे म्हणणं खोडून काढण्यासारखं नव्हतं, आणि आम्ही ते खोडूनही काढलं नाही.

काहींना वाटलं की हे सगळंच थांबवावं, शिकवणं आणि मैफली एवढंच मंडळाचं काम. एकाने सुचवलं, मृत्यूच्या दिवसाऐवजी जन्मदिवस पाळू, वातावरण प्रसन्न राहील. यावर बराच वेळ गेला. शेवटी एका ज्येष्ठ बाई जे बोलल्या ते मला पटलं. जन्मदिवशी ते कलाकार म्हणून अजून जन्मलेलेच नसतात. गेलेल्या दिवशी त्यांचं सगळं काम पूर्ण होऊन आपल्या हाती आलेलं असतं.

चौथा पर्याय काकांच्या वहीकडे परत जाण्याचा होता: नावं थोडी आणि प्रत्येक नावाबरोबर प्रत्यक्ष ऐकणं किंवा बघणं. तो स्वीकारला. वर्षाला जास्तीत जास्त पंधरा. ज्या नावाची जबाबदारी कुणीतरी ‘मी ऐकवतो’ किंवा ‘मी ऐकवते’ म्हणून घेईल, तेवढंच फळ्यावर जाईल. रोजची कार्डं बंद.

तारीख कुठली धरायची

हा प्रश्न वाटला त्याहून खोल निघाला. पुण्यतिथी या शब्दातच तिथी आहे, आपण मात्र बहुधा तारीख पाळतो. पंडित विष्णु नारायण भातखंडे गेले १९ सप्टेंबर १९३६ ला, आणि त्या दिवशी गणेश चतुर्थी होती. तिथीने गेलो तर त्यांचं स्मरण दरवर्षी गणपती बसतात त्या दिवशी येतं. कर्नाटक संगीतातले संत-रचनाकार त्यागराज ६ जानेवारी १८४७ ला गेले, पण तमिळनाडूत तिरुवय्यारूला त्यांची आराधना, म्हणजे स्मृतिसोहळा, पौष वद्य पंचमीलाच होते. शेकडो गायक-वादक समोरासमोर बसून त्यांच्या पाच रचना, पंचरत्न कृती, एकसुरात म्हणतात. रवींद्रनाथांसाठी जगाला ७ ऑगस्ट १९४१, बंगालला मात्र २२ श्रावण.

त्याशिवाय घड्याळाची गुंतागुंत. पंडित रविशंकर ११ डिसेंबर २०१२ ला अमेरिकेत वारले. तिथे दुपार कलत असताना इकडे १२ तारखेची पहाट होती. आमच्या यादीत ते ११ आणि १२ अशा दोन्ही तारखांना होते. म्हणजे आम्ही त्यांना लागोपाठ दोन दिवस अभिवादन केलं होतं आणि कुणाच्याही ते ध्यानात आलं नव्हतं. उस्ताद झाकीर हुसेन यांच्या वेळी तर १५ डिसेंबर २०२४ च्या रात्रीच इकडे बातमी पसरली, ती खरी नाही असं जवळच्यांना सांगावं लागलं, आणि १६ च्या सकाळी ती खरी ठरली. सॅन फ्रान्सिस्कोत तेव्हा १५ तारीखच होती. ते जिवंत असताना ज्यांनी श्रद्धांजली पाठवून दिली, त्यांत आमच्या ग्रुपमधलेही होते. घरच्यांना त्या रात्री काय वाटलं असेल, याचा विचार सात वाजताचं कार्ड वेळेत जावं म्हणून धडपडणाऱ्या प्रत्येकाने करावा.

ठरलं ते असं. परंपरेनेच तिथी किंवा दिवस बांधून दिला असेल तिथे तो पाळायचा. बाकी सगळ्यांसाठी जिथे मृत्यू झाला तिथली तारीख. कार्यक्रम मात्र जवळच्या रविवारी घेतला तरी चालेल, फळ्यावर खरी तारीख लिहायची. यावर एकाने शंका काढली की दिवस हलवला तर स्मरणाला अर्थ काय. तेव्हा काकांनी सवाई गंधर्वांचं उदाहरण दिलं. सवाई गंधर्व म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर गेले १२ सप्टेंबर १९५२ ला, आणि भीमसेनजींनी गुरूंच्या पुण्यतिथीनिमित्त सुरू केलेला महोत्सव पुण्यात भरतो डिसेंबरात. १९५३ पासून चालत आलेल्या त्या स्मरणात कुणाला काही उणं वाटलेलं नाही.

शब्द कुठला वापरायचा

सगळ्यांना सरसकट ‘पुण्यतिथी’ म्हणणं बरोबर नाही, हे आमच्यातल्या तबला शिकवणाऱ्या सरांनी लक्षात आणून दिलं. उस्ताद अल्लारखाँ ३ फेब्रुवारी २००० ला गेले. त्यांच्या घरात आणि शिष्यपरिवारात त्या दिवसाला बरसी म्हणतात. हजरत इनायत खाँ यांच्या दिल्लीतल्या दर्ग्यावर ५ फेब्रुवारीला उर्स भरतो, आणि उर्स या शब्दाचा मूळ अर्थ विवाह, म्हणजे मीलन. तो दिवस शोकाचा मानलाच जात नाही. आम्ही तिथे काळी किनार लावून अभिवादन छापलं होतं.

तेव्हापासून ज्या घरात जो शब्द, तो तसाच लिहायचा. माहीत नसेल तर ‘स्मृतिदिन’.

केसरबाईंची सभा

नव्या पद्धतीची पहिली सभा सप्टेंबरात झाली. १६ सप्टेंबरला एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांचा जन्मदिवस (१९१६) असतो, आणि त्या तेजात त्याच तारखेला गेलेल्या गायिका केसरबाई केरकर (१९७७) दरवर्षी झाकल्या जातात. आमच्या जुन्या यादीत त्या नव्हत्याच.

जबाबदारी घेतलेल्या सभासदाने चरित्र वाचून दाखवलं नाही. फक्त एवढं सांगितलं: व्हॉयेजर १ हे यान ५ सप्टेंबर १९७७ ला निघालं, त्यावरच्या सोनेरी तबकडीत भारताचं एकच गाणं आहे आणि ते यांचं आहे, यान निघाल्यानंतर अकरा दिवसांनी त्या गेल्या. मग दिवे मंद केले आणि ‘जात कहाँ हो’ लावलं. भैरवी, जेमतेम साडेतीन मिनिटं.

पहिल्यांदा ऐकून झालं तेव्हा कुणी काही बोललं नाही. त्यांनी तेच पुन्हा लावलं आणि सांगितलं, या वेळी फक्त श्वास कुठे घेतात ते ऐका. त्यांचे गुरू अल्लादिया खाँसाहेब यांची तालीम काय चीज आहे, ते तेव्हा कळलं. खुला, रुंद ‘आ’-कार, आणि श्वासाची जागा शोधताना आपणच गुदमरतो. तिसऱ्यांदा लावलं तेव्हा फक्त शब्दांकडे लक्ष द्यायला सांगितलं. कुठे निघालीस, असं विचारणारी चीज अवकाशात निघून गेली आहे, हे आमच्यातल्या सर्वात लहान विद्यार्थिनीने मोठ्याने म्हटलं आणि ती स्वतःच गप्प झाली. मलाही पुढे काही वेळ बोलता आलं नाही.

त्या संध्याकाळी अकरा माणसं होती. इमोजी एकही नाही.

काय निष्पन्न झालं

सगळं साधलं असं नाही. रोजचं कार्ड बंद झाल्यावर काही सभासद ग्रुपमधून बाहेर पडले. ज्यांना ते सकाळी आधार वाटायचं, त्यांची उणीव आम्ही भरून काढू शकलो नाही. एका चित्रकाराच्या सभेला चारच माणसं आली. २ ऑक्टोबरला राजा रविवर्मांचा (१९०६) स्मृतिदिन घेण्याचं दोनदा ठरवून दोनदा राहिलं. त्या तारखेला लोकांचं मन आधीच दुसरीकडे असतं.

‘मी ऐकवतो’ या नियमाचा एक तोटाही दिसला. भीमसेनजी, कुमारजी, किशोरीताई यांच्यासाठी चार-चार जण पुढे येतात. ज्यांचं नाव कमी ऐकू येतं त्यांना कुणी वाली नसतो. म्हणून पुढे भर घातली: दर दुसरं नाव असं हवं, जे आपल्या फळ्यावर आधी आलेलं नाही. त्यातूनच १३ ऑक्टोबरला किशोरकुमार (१९८७) यांच्याऐवजी अन्नपूर्णादेवी (२०१८) यांचं नाव लागलं. त्या कित्येक दशकं मंचापासून दूर राहिल्या. स्वतःची छबी लोकांपुढे येऊ नये म्हणून जपणाऱ्या बाईंचा फोटो लावायचा का, यावर मतभेद झाले. फोटो लावला नाही. त्यांच्याकडे शिकलेल्या निखिल बॅनर्जींची सतार ऐकली.

दुसऱ्या वर्षीच्या ५ फेब्रुवारीला सभा घेतली ती त्या सतार शिकणाऱ्या मुलीने. तिने दोन्ही इनायत खाँ शेजारी शेजारी मांडले, आणि सुरुवातीला आमचं चुकलेलं कार्ड मोठं करून दाखवलं. आधी मला विचारलं होतं. मी हो म्हटलं, आणि वर्षभर राहून गेलेली दुरुस्ती त्या दिवशी ग्रुपवर माझ्या नावाने दिली.

वेगळं काय करता आलं असतं

दुरुस्ती त्याच दुपारी, त्याच ग्रुपवर द्यायला हवी होती. वर्ष लागायला नको होतं. ज्यांनी कार्ड पुढे पाठवलं त्यांच्यापैकी निम्म्यांपर्यंत तरी ती पोचली असती. काकांची वही उतरवताना एक संध्याकाळ त्यांच्या शेजारी बसून प्रत्येक रकान्याचा अर्थ विचारला असता, तर पुढचं बहुतेक टळलं असतं. आणि रोजचं कार्ड एकदम बंद न करता आठवड्याला एक ठेवायला हवं होतं, असं माझं मत आहे. मंडळात यावर अजून एकमत नाही.

एक प्रश्न अजून सुटलेला नाही. आमच्या तपासणीत काही नावं अशी निघाली, ज्यांच्या मृत्यूची तारीख कुठेच मिळत नाही. बहुतेक सारंगिये आणि तबलजी. काका म्हणाले, ज्यांची तिथी माहीत नाही त्यांच्यासाठी आपल्याकडे सर्वपित्री असते, तसं काहीतरी करा. ते नाव सगळ्यांना लागू करणं योग्य वाटलं नाही, पण कल्पना घेतली. वर्षातली शेवटची सभा या माणसांची.

गेल्या वेळी त्या सभेत गौहर जान यांची शंभरेक वर्षांपूर्वीची एक तबकडी ऐकली. १९०२ साली भारतात तबकड्यांसाठी ध्वनिमुद्रण सुरू झालं तेव्हाच्या गायिका त्या. १७ जानेवारी १९३० ला म्हैसूरला वारल्या. गाणं संपल्यावर त्या स्वतःचं नाव खणखणीत सांगतात, ‘माय नेम इज गौहर जान’. साथीला कोण बसलं होतं, ते तबकडीवर नाही आणि आवाजातही नाही. आम्ही ती पुन्हा लावली, आणि या वेळी गाण्याकडे लक्ष न देता फक्त मागची साथ ऐकली. काकांनी वहीत तारखेचा रकाना मोकळा सोडून तिसऱ्यात लिहायला सांगितलं: ‘ऐकलं.’